नाव राहू दे

मीरा रोड,
१६ डिसेंबर २०२४

चि. चांदणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडता बाजूला ठेवलं असशील, तर पुढचं सगळं मी माझ्याशीच बोलतोय असं समजेन. सवय आहे. सव्वीस वर्षं नववीला संस्कृत शिकवतोय, तेही जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला.

पत्ता तुझ्या आजीकडून मिळाला. तू तिला पाठवलेल्या पत्रिकेवरून मी तो उतरवून घेतला. गेल्या आठवड्यात काशीगावात एक लग्न होतं. मांडवात शांतीआजी नेहमीप्रमाणे माझ्या आधी हजर. तिचे धवले गाऊन झाल्याशिवाय माझी मंगलाष्टकं सुरू होत नाहीत, हा आमचा जुना रिवाज. देवांना ती बोलावणार, मग आलेल्या देवांशी मी संस्कृतात बोलणार. या खेपेला मात्र तिसऱ्या धवल्यालाच ती थांबली, पाणी प्यायली आणि उरलेलं बाकीच्या बायकांच्या हवाली केलं. जेवणानंतर हात धुताना मला गाठलं.

"मास्तर, चांदणीचं लगीन हाय. वीस फेब्रुवारीला, बडोद्याला, कोरटात. आन धर्मा जात न्हाय. बाप हाय, पन जात न्हाय. दोन वरसां पोरीशी बोलला न्हाय त्यो. तू शिकवलंस ना तिला? मग लिव. बापाला दोन अक्षरं टाक म्हनावं."

मी फोन नंबर मागितला.

"नंबर दिला त पोर मना फाडून खाईल. कागदाला कोन काय म्हनतंय?"

म्हणून हा कागद.

आधी अभिनंदन. नवऱ्याचं नाव ईश्वर आहे असं कळलं. नैयायिकांना त्याचं अस्तित्व सिद्ध करायला काही शतकं लागली. तू दोन वर्षांत शोधून, पारखून, रजिस्ट्रारची तारीखही घेतलीस. आता आजीचा निरोप. बाप हट्टी आहे, हे तुला मी सांगायला नको. हट्ट तुझ्याकडे तिकडूनच आलाय. दोन पावलं तूच पुढे ये. 'बाबा, या' एवढंच लिही. वाकल्याने लहान होत नाही कुणी.

त्या गाण्याविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण शनिवारी शाळेचं गॅदरिंग झालं. पाचवी ब च्या मुली पिवळ्या साड्या नेसून तुझ्यावर नाचल्या. 'मिठागराची पोर गो, सोन्याची झाली, चांदणी आमची आज हलदीनं न्हाली.' पालकांनी वन्स मोअर घेतला. मुख्याध्यापिकांनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला. नारळ घेऊन घरी आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

तुझं नाव त्यात राहून गेलं, याचं वाईट वाटतं.

तुझा,
पाध्ये सर

---

मीरा रोड,
३० डिसेंबर २०२४

चि. चांदणी,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे निदान तुझ्या टेबलापर्यंत पोचलंय. परिचारिकांच्या वसतिगृहात टपाल कुठे ठेवतात कोण जाणे. आमच्या सोसायटीत ते वॉचमनच्या खुर्चीखाली असतं.

तू त्या गाण्याला माझं पाप समजतेस, म्हणून ते कसं झालं ते एकदा क्रमाने सांगतो. अर्धं तुला ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०२२. तेव्हा ठरलेल्या तुझ्या लग्नाला पंधरा दिवस असताना तू माझ्या घरी आलीस. "सर, लग्नात तुमचं शार्दूलविक्रीडित चालेल. पण हळदीला आमच्या बोलीत काहीतरी लिहा. आजी गाईल." तेव्हा माझी ख्याती आठवते ना? ऑर्डरप्रमाणे मंगलाष्टकं. वधूवरांची नावं, आईवडिलांची नावं, मामाचं नाव, हवं असल्यास बिल्डिंगचंही. एकाने तर वराच्या कंपनीचं नाव घाल म्हणून गळ घातली होती.

मी लिहिलं आणि तुमच्या घरी, मोरव्याला, आजीसमोर वाचलं. तिने निम्मं फेकून दिलं. "ह्ये लवण म्हंजे काय रं? मीठ बोल ना. आमी मिठात जल्मलो, आमाला मिठाची लाज कशाला?" शेवटी उरलं ते तिचंच होतं. चाल तिची, मीठ तिचं. माझं फक्त जुळवणं, आणि तुझं नाव. लग्नात नाव घालायचं असतंच. ती माझी सवयही होती आणि तिचीही. धवल्यातही घरच्या माणसांची नावं येतातच की.

हळदीला ते अंगणात सात वेळा झालं. खारीगावातला तुझा मामेभाऊ हृतिक फोनवर रेकॉर्ड करत होता. मग रात्री मुलाच्या काकांनी जेवणाच्या पंगतीत जाहीर केलं, की आमच्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत. तू हळदीच्या अंगाने उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मग सून बदला." सकाळी मांडव उतरला. तेव्हा तुझे बाबा जे बोलले ते मी विसरलेलो नाही. कोणीतरी म्हणालं, हळद लागलेली पोर, आता कसं? धर्माभाऊ म्हणाले, "हलद पान्यानं निघतंय. पोरीची नोकरी निघाची न्हाय."

त्याच माणसाने पुढे तुझ्याशी बोलणं सोडलं. म्हणूनच म्हणतो, समजूत पटेल.

ऑक्टोबरात हृतिक आला. त्या रेकॉर्डिंगवर त्याने बीट चढवला होता. "सर, आजीचा आवाज स्टार्टला ठेवलाय, ऐका फक्त. अंगावर काटा." खरंच आला. मग खऱ्या रेकॉर्डिंगला मला बोलावलं, खारीला, त्याच्या घराच्या वरच्या खोलीत. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, माइक उघड्या कपाटासमोर, म्हणजे कपडे आवाज पितात म्हणे. फ्रिज बंद, पंखा बंद. खाली त्याच्या आईला ताकीद, मिक्सर लावायचा नाही. गायिका मिनल. दिवसा पतपेढीत काउंटरवर, शनिवारी ऑर्केस्ट्रात. सहाला काउंटर बंद करून ती सॅक पाठीला लावूनच आली. समोरच्या बिल्डिंगमध्ये टाइल्स कापत होते. कटर थांबला की हृतिक हात वर करायचा आणि मिनल गायची. चौथ्या ओळीला पुन्हा कटर. असं अकरा वेळा.

"सर, हे 'हलद' मी मुद्दाम 'हळद' म्हणू का? लोकांना वाटेल मला येत नाही," मिनल म्हणाली.

"आजीला विचार," हृतिक म्हणाला.

आजीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. आजी ओरडली, "तुना येत न्हाय त गाव नको!" मिनल हलद म्हणाली, आणि इतकी सुंदर म्हणाली की टाइल्सवाले थांबून ऐकत होते. हृतिकचं म्हणणं, त्यांचा चहा झाला होता.

नावाचं विचारशील, तर ते छंदामुळे राहिलं. चां-द-णी. गुरु, लघु, गुरु. तिथे दुसरं काही बसत नव्हतं. बाकी प्रसिद्धीचा सगळा उद्योग हृतिकचा. मला यातलं काय कळतं?

तेव्हा राग गाण्यावर असू दे, बापावर नको. दिवस थोडे राहिलेत. लिही त्यांना.

पाध्ये सर

---

मीरा रोड,
११ जानेवारी २०२५

चांदणी,

तुझं कार्ड काल आलं. एक ओळ.

'सर, साजणी पण बसत होतं.'

दोनदा वाचलं. मग हंसाच्या हातात दिलं. तुझ्या काकूने ते वाचून फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. दूध काढताना रोज दिसतं.

होय. साजणी बसत होतं. गुरु, लघु, गुरु. तूच मोजून आणलं होतंस.

हृतिक आला त्याच आठवड्यात तू आलीस, सीताफळं घेऊन. ड्यूटीवरून थेट, केस तसेच बांधलेले. म्हणालीस, "सर, हृतिक ऐकत नाही. म्हणतो, शब्द सरांचे, सरांना विचार. माझं नाव काढा ना. हळदीत, अंगणात, ते माझं होतं. ते सगळीकडे वाजायला नको. बाबांना आधीच लोक विचारतात." आणि पिशवीतून चिठ्ठी काढलीस. त्यावर तू खुणा करून आणल्या होत्यास, वर्गात करायचीस तशा. 'साजणी आमची आज हलदीनं न्हाली.' एक मात्राही इकडची तिकडे नाही. दहावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या मुलीने केलेलं काम. मी म्हणालो, "बदलतो. काळजी करू नको." सीताफळं फार गोड होती.

मी पहिल्या पत्रात 'राहून गेलं' असं लिहिलं, जणू नावाला कुणी उठवायला विसरलं.

मिनलने दोन्ही गायली होती, साजणी आणि चांदणी. हृतिकने दोन्ही माझ्या फोनवर पाठवली. खाली लिहिलं होतं, 'सर तुमी सांगाल ते फायनल. चांदणी बोलली साजणी.' म्हणजे त्या पोराचा काही दोष नाही. हेही मागच्या पत्रात खोटं होतं.

मी हंसाचे इअरफोन लावून बाल्कनीत बसलो. साजणी ऐकलं. चांगलं होतं. शंभर गाण्यांसारखं चांगलं. मग चांदणी ऐकलं. त्यात कुणीतरी होतं. एक घर होतं, अंगण होतं, एक मुलगी होती आणि तिला हाक मारणाऱ्या बायका होत्या. नाव बदललं की ते सगळं उठून जात होतं.

हे झालं रसिकाचं. आता माणसाचं सांगतो. मी तीनशेच्या वर मंगलाष्टकं लिहिली असतील. अक्षता पडल्या की ती संपतात. लोक टाळ्या वाजवतात त्या लग्न लागल्याच्या, माझ्या नव्हे. वाजंत्री सुरू होते आणि माझा कागद कुणाच्या तरी चपलेखाली. मी कधी तक्रार केली नाही, पण मोजत होतो, असं आता कळतं. हे एक गाणं चपलेखाली जाणार नव्हतं. ते मला पहिल्यांदा ऐकतानाच कळलं.

मी हृतिकला लिहिलं, 'चांदणीवालं.' त्याने विचारलं, 'ती हो बोलली ना?' मी अंगठा पाठवला.

एवढंच. माझ्या बाजूने म्हणण्यासारखं हेच की मी एक शब्दही खोटा लिहिला नाही. अंगठ्याला शब्द लागत नाही.

ईश्वररावांना हे दाखवू नकोस. लग्नाआधी माणसाचा शिक्षकांवरचा विश्वास उडू नये.

पाध्ये

---

मीरा रोड,
१६ जानेवारी २०२५

चांदणी,

उत्तराची वाट न बघता लिहितोय.

संक्रांतीला मोरव्याला गेलो होतो. तिळगूळ द्यायला म्हणून. खरं म्हणजे विचारायला. गाणं आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. तुझ्या बाबांनी बोलणं सोडलं ते नंतर, फेब्रुवारीत. मधल्या तीन महिन्यांत ते गाण्यावर चिडले होते, पण तुझ्याशी बोलत होते. हे मला माहीत होतं आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं होतं. मधे काय झालं?

धर्माभाऊ घरी नव्हते. आजी ओटीवर बसली होती. आवाज अगदी बसलाय तिचा. मी विचारलं. तिने सांगितलं, अगदी सहज, कारण मी काय केलंय हे तिला ठाऊक नाही.

"त्यो तुझा पिच्चर न्हाय का आल्ता मोबाइलवर? तू खुर्चीत बसलास, ती पोरगी इचारतंय. धर्मानं त्यो पायला. मग चांदणीला इचारलं, तू सांगितलंस मास्तरला? पोर बोल्ली, न्हाय बाबा, मी नको बोल्लू. शपथ घेतली माझ्या डोक्यावर हात ठेवून. धर्मा बोल्ला, मग काय मास्तर खोटं बोलंल? तुझा मास्तर?" आजी थांबली. "पोर दुसऱ्या दिशी निंगाली."

ती मुलाखत तू पाहिली आहेस. तरी मी लिहिलं पाहिजे, कारण त्यामागचं खरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जानेवारी २०२३. तोवर गाणं साठ लाख वेळा ऐकलं गेलं होतं. रुचिता नावाची मुलगी, तिचं स्वतःचं चॅनल, घरी आली. ट्रायपॉड, गोल दिवा. हंसाने पोहे केले. मी नवा कुर्ता घातला, इस्त्रीचा. रुचिताने मला 'गीतकार' म्हटलं. मग हसत विचारलं, "सर, सगळा महाराष्ट्र विचारतोय, खरी चांदणी कोण? आणि तिला राग नाही ना आला?"

किती वेळ गेला असेल? श्वासभर. मीही हसलो. "छे! माझी विद्यार्थिनी ती. मी म्हणत होतो बदलूया, तर तीच म्हणाली, सर, नाव राहू दे."

शब्द सुचले ते कसे सुचले बघ. तुझ्या तोंडचेच वाटतात. लेखनाची एवढी सवय झाली की माणसाला माणसाच्या तोंडी चपखल वाक्य घालता येतं.

कॅमेरा गेल्यावर हंसा पोह्यांच्या बशा उचलत म्हणाली, "ती असं म्हणाली होती?" मी म्हणालो, "साधारण." ती म्हणाली, "सीताफळं घेऊन आली होती तेव्हा मी आतच होते." आणि बशा धुवायला गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली.

मला ही दोन वर्षं वाटत होतं की तुझे बाबा गाण्यावर रागावलेत. ते तुझ्या खोटं बोलण्यावर रागावलेत. तू खोटं बोललीसच नव्हतीस. एका बापाने आपल्या मुलीपेक्षा तिच्या मास्तरवर विश्वास ठेवला. त्या गावात मास्तरची एवढी पत आहे, हे मला माहीत असतं तर मी जपून बोललो असतो, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. माहीत होतं.

आणि मी तुला सांगत होतो, वाक. दोन पत्रं भरून.

आजीने माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. "लिवलंस ना पोरीला? काय बोल्ली?" मी म्हणालो, "विचार करतेय." लाडू खाल्ला. तिच्यासमोर बसून सबंध खाल्ला.

धर्माभाऊंना सांगणार आहे. तुला आधी कळवतोय ते एवढ्यासाठी, की मग मला मागे फिरता येऊ नये.

पाध्ये

---

मीरा रोड,
३ फेब्रुवारी २०२५

चांदणी,

सांगितलं. काल.

त्याआधी दोनदा गेलो आणि वाटेतून परतलो. एकदा मोरव्याच्या नाक्यावर केळी घेतली आणि घरी आलो. हंसाने केळ्यांकडे पाहिलं आणि ती टोपलीत ठेवली.

रुचितालाही फोन केला होता. म्हटलं, मला दुरुस्ती करायची आहे, नवा व्हिडिओ कर. ती म्हणाली, "सर, आता कोण बघणार? लोक पुढे गेले." म्हणून त्याच मुलाखतीखाली मी माझ्या नावाने कॉमेंट लिहिली: 'मी येथे खोटे बोललो. नाव ठेवण्यास तिने मला स्पष्ट नकार दिला होता.' काल रात्रीपर्यंत चार लाइक्स. एक हंसाचा. एकाने खाली विचारलंय, 'सर नवीन गाणं कधी?' हृतिकलाही सांगितलं. तो म्हणाला, "सर, मी अंगठा बघून पुढे गेलो ना. मी तिला एकदा डायरेक्ट विचारायला पाहिजे होतं." मी म्हणालो, गाणं काढून टाक. "माझ्याकडून काढतो सर. पण ते आता माझ्याकडे कुठे आहे? प्रत्येक डीजेच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे." त्याने त्याच्या चॅनलवरून काढलं. संध्याकाळी आमच्या खालच्या दुकानात वाजत होतं.

धर्माभाऊ अंगणात मंडपाचं सामान लावत होते. खुर्च्या धुऊन वाळवून एकात एक घालत होते, सीझन सुरू होतोय म्हणून. तुला माहीत असेल नसेल, खुर्च्या उतरवून झाल्या की ते मांडवातून निघून जातात. हळदीला तर ते गाणं वाजेल म्हणून थांबतच नाहीत. गावाला वाटतं, धंदा वाढलाय. आजी ओटीवर होती.

"या मास्तर," ते म्हणाले. "काय, मंगलाष्टक लिवलं का कोनाचं?"

मी उभ्याउभ्या सांगितलं. सगळं. चिठ्ठी, दोन्ही आवाज, अंगठा, मुलाखत. म्हणालो, चांदणी खरं बोलली होती. खोटं मी बोललो.

ते खुर्च्या लावतच होते. पाच-सहा लावून झाल्यावर विचारलं, "ती तुझ्या घरी आल्ती? नको बोलाला?"

"हो."

"सवता आल्ती?"

"हो. ड्यूटीवरून."

"आन तू हो बोल्लास तिला."

"हो."

त्यांनी एक खुर्ची माझ्यासमोर ठेवली. "बस." मी बसणार तेवढ्यात म्हणाले, "न्हाय. बसू नको." खुर्ची उचलून पुन्हा थप्पीत घातली.

"मी तिला ह्या दारात उभी क्येली, मास्तर. पोर रडत हुती. मी बोल्लू, मास्तरला खोटं पाडतंस? ज्यानं तुना शिकवलं त्याला? माझ्या पोरीला मी असं बोल्लू. तुझ्यासाठी."

क्षमेचे जेवढे शब्द मला येतात ते बहुतेक संस्कृत आहेत.

ओटीवरून आजी बोलली. आवाज नसल्यासारखाच होता. "मांडवात तू माझ्या मागून बोलतंस, त्यो रिवाज हाय. हितं दोन वरसां मागून बोल्लास. ह्यो कुठला रिवाज?"

धर्माभाऊ म्हणाले, "जा तू आता."

मी निघालो. फाटकाशी पोचलो तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, "ती कुठं रातंय? पत्ता हाय तुझ्यापाशी?" मी म्हणालो, आजीपाशीही आहे. ते म्हणाले, "आय हाय माझी, तिला मी काय तोंडानं इचारू?"

मी खिशातल्या डायरीचं पान फाडून दिलं. त्यांनी ते न वाचता शर्टाच्या खिशात घातलं आणि पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

मोरव्यातल्या येत्या दोन लग्नांचे निरोप आज सकाळी आले. दुसरा भटजी पाहिलाय. बरोबर आहे. त्यांच्या जागी असतो तर मीही पाहिला असता.

वीस तारखेला सतरा दिवस आहेत. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. मी तुला काही करायला सांगत नाही.

पाध्ये

---

मीरा रोड,
६ फेब्रुवारी २०२५

चांदणी,

तुझे बाबा आत्ता माझ्या घरी बसले आहेत. सातव्या मजल्यावर जिन्याने आले. लिफ्टमध्ये शेजारचा मुलगा फोनवर तेच गाणं वाजवत होता, म्हणून बाहेर पडले. हंसाने पाणी दिलं. ते घेतलं. चहा नको म्हणाले.

म्हणाले, "चौथीपर्यंत शिकलू. वाचतंय, पन लिवाची सवय ग्येली. हृतिकला सांगितलं त त्यो मोबाइलवर लिवतो, मना कागद पायजे. फोन नको. ती फोनवर गप रायली त मी काय करू? तू लिव. मी बोलन तसंच लिवाचं. तुझं काय घालाचं न्हाय."

मग माझ्याकडे बघून पुन्हा, "काय घालाचं न्हाय, समाजलं?"

यापुढचं त्यांचं आहे.

*

चांदणी बाय,

मी बाबा.

मास्तर आल्ता. सगलं बोल्ला. तू खरी हुतीस.

तू तवाच बोल्लीस. आजीच्या डोक्यावर हात ठेवून बोल्लीस. मी आयकलं न्हाय. मी तुझा बाप, मना मास्तरला इचाराची गरज काय हुती? तुझ्या तोंडाकडं बघितलं असतं त कललं असतं. मी बघितलं न्हाय.

तू ग्येल्यावर तुझी खोली तशीच हाय. सामान ठेवाला सगली मागतात. मी देत न्हाय. खुर्च्या पावसात भिजल्या दोन वरसां, पन दिली न्हाय.

वीस तारखेला मी यावं का? तू हो बोल्लीस त येन. आजीला घेऊन येन. तिचा आवाज ग्येलाय, पन ती बोलतंय, पोरीसाठी एक धवला निंगल. कोरटात गाव देत नसतील त भायेर रस्त्यावर गाईल. तुझ्या सासऱ्याशी मी गुजरातीत बोलन. चालीस वरसां मिठाच्या शेटशी बोल्लू, लाज वाटाची न्हाय तुना.

तू न्हाय बोल्लीस त येनार न्हाय. राग नको धरू की बापानं परत जबरदस्ती केली. न्हाय म्हंजे न्हाय, मना समाजलं आता.

पन काय ते लिव. मोरव्याच्या पत्त्यावर लिव, माझ्या नावानं. मास्तरकडं नको.

धर्मा